खालचा खण

सेंट जॉन्सला मे महिन्यातही
धुकं न बोलावता येऊन खिडकीशी बसतं.
भूशास्त्राचं प्रमुखपद माझ्याकडे तसंच आलं.
हवं होतं दोघांनाच,
आणि ते एकमेकांना मिळू नये एवढंच उरलेल्यांना हवं होतं.
दगडापेक्षा वीट मऊ.
मी वीट म्हणून निवडून आले.

ताब्यात आला सव्वीस किल्ल्यांचा जुडगा.
त्यातल्या नऊ कुठल्या कुलपाच्या, कुणी सांगेना.
एक तक्ता आला, त्याच्या तळाशी लाल आकडा.
आणि आले टिझर्ड अन् स्नूक,
कोठीतल्या एका फळीवरून
अकरा वर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारे.
फळीवर लॅब्राडोरचे खडक आहेत.
अडीच अब्ज वर्षांचे. त्यांना घाई नाही.

विद्यापीठाने मला मार्गदर्शक दिली,
जशी बर्फासाठी फावडी देतात, सही घेऊन.
व्हेरा नोजवर्दी, निवृत्त अधिष्ठाता,
पिवळा रेनकोट, खिशात पेपरमिंट.
दर बुधवारी साडेचारला आम्ही बंदरापर्यंत चालतो.
तिचा गुडघा दुखतो, म्हणून चढावर ती गप्प असते.
बोलते ती उतारावर.

रात्री नऊनंतर कुणाला उत्तर देऊ नकोस, म्हणाली.
दारात आलेला माणूस पहिल्या वाक्यात
कधीच कामाचं बोलत नाही. तिसऱ्याची वाट बघ.
आणि करारावरचा तो पोरगा, कीगन ना?
त्याला एप्रिलमध्ये जायचंय तर फेब्रुवारीत सांग.
मार्चमध्ये सांगणं म्हणजे पळ काढणं.

फेब्रुवारीत सांगितलं.
कीगन टोस्ट खात होता. खात राहिला.
मग विचारलं, हा हातोडा ठेवू का?
हातोडा विभागाचा, त्याच्यावर रंगवलेला क्रमांक होता.
संध्याकाळी यादीत त्या क्रमांकापुढे मी लिहिलं: हरवला.
व्हेराला हे सांगितलं नाही.
तिला बहुधा कळलं.

लिहून न पाठवलेली पत्रं खालच्या खणात ठेव,
हेही तिचंच.
तुझ्या खणात किती होती? मी विचारलं.
शेवटी शेवटी खण लागत नव्हता, म्हणाली, आणि हसली,
आणि मग हसायची थांबली.

जूनमध्ये तिने त्यातलं एक आणलं.
लिफाफ्यावर माझं नाव, माझ्या जुन्या खोलीचा क्रमांक.
ज्या वर्षी माझी प्रयोगशाळा बंद झाली,
यंत्र खोक्यात भरून कुठल्यातरी दुसऱ्या शहरी गेलं,
आणि तीन वर्षांचे नमुने
मी घरच्या तळघरात बटाट्यांशेजारी रचून ठेवले, त्या वर्षीचं.
बंद करण्यावर सही तिची होती. ते मला ठाऊक होतं.
ठाऊक नव्हत्या त्या या चार ओळी:
दुसरा मार्ग होता.
मी तो शोधला नाही.
कारण बाकीचे ओरडले असते,
आणि तू ओरडणार नव्हतीस.

बंदरात एक मालवाहू जहाज भोंगा देत होतं.
मी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.
माफ केलं म्हणावं तर ते खोटं होतं,
आणि रागवावं तर इतक्या वर्षांनी
राग कुठल्या कुलपाची किल्ली आहे, आठवेना.
तिने पेपरमिंट पुढे केली.
मी घेतली.
परतीला चढ होता.

गुरुवारी एका कोऱ्या कागदावर
विभागात कोण कोण ओरडत नाही, त्यांची नावं लिहिली.
सात झाली.
कोठीची लायल सगळ्यात वर;
तिची खुर्ची दोन वर्षं मोडकी आहे हे मला
लिहिता लिहिता आठवलं.
कागद खालच्या खणात टाकणार होते.
टेबलावरच ठेवला, किल्ल्यांखाली.

आत्ता दारात स्नूक उभा आहे.
धुकं फार आहे आज, म्हणाला.
मग म्हणाला, टिझर्डची गाडी दिसली नाही सकाळपासून.
टोपी हातात फिरवतोय.
माझा चहा निवतो आहे.
मी काही बोलत नाही.